रुसलेली विजेरी

अंधार पडला म्हणजे आपल्याला विजेरीची आठवण होते. एरवी ती फडताळात किंवा खुंटीवर मुकाट्याने पडून असते. बटण दाबले की उजेड पडावा, एवढीच आपली तिच्याकडून अपेक्षा असते. तो का पडतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आणि म्हणूनच एखाद्या रात्री तो पडेनासा झाला, म्हणजे आपण गोंधळून जातो. कोणी विजेरी हातावर आपटतो, कोणी धावत जाऊन नवे सेल आणतो, तर कोणी रागावून ती फेकून देतो. मीही एकदा असाच उतावळेपणा केला होता. त्या दिवसाची हकीकत तुम्हांला सांगते.

२०११ साल, मार्गशीर्ष महिना. मी त्या वेळी सातवीत होते. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी आमचे गाव. नदीला लागून उसाचे मळे आणि त्या मळ्यांना खेटून आमचे गव्हाचे शेत. त्या आठवड्यात शेतीपंपांना वीज मिळे ती रात्रीच. त्यामुळे दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रात्री अकरा वाजता घोंगडी खांद्यावर टाकून पाण्याची दारे धरण्यासाठी शेतावर जावे लागे. पेरणीनंतर सुमारे १८ ते २१ दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले, तर पुढे कितीही पाणी दिले तरी पीक पूर्ण भरत नाही. आमच्या गव्हाचे नेमके तेच दिवस होते. पाणी पुढे ढकलण्याची सोय नव्हती.

जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, ही गोष्ट त्या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. जवळच माणिकडोह येथे पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. शिवाय बांधावर घोणस, नाग यांची भीती असतेच. अशा वाटेने जाणाऱ्या माणसाला विजेरी ही काठीइतकीच जवळची सोबतीण असते. घरात एक मोबाइल होता खरा. परंतु त्याचा उजेड चार पावलांपलीकडे पोचत नसे.

आदल्या रात्री दादा बांधावरून चालले असताना विजेरी एकाएकी विझली. शेजारच्या उसात काहीतरी सळसळले. दादा जागच्या जागी उभे राहिले आणि विजेरी तळहातावर जोराने आपटू लागले. क्षणभर उजेड पडे आणि पुन्हा अंधार होई. असे करीतच ते कसेबसे घरी परतले. सकाळी त्याच बांधावर चिखलात बिबट्याचे ठसे उमटलेले दिसले. आई काही बोलली नाही. पण दिवसभर तिचे कामात लक्ष नव्हते.

ती विजेरी बाजारातून ऐंशी रुपयांना घेतलेली होती. ॲल्युमिनियमची काळी नळी, पुढे नऊ बारीक दिवे, मागे रबरी बटण, आत तीन लहान सेल. मला वाटले, सेल संपले असतील. दुसरे काय असणार? आईजवळून तीस रुपये घेऊन मी दुकानातून तीन नवे सेल आणले आणि मोठ्या ऐटीने ते आत घातले. बटण दाबले. उजेड पडला नाही. पुन्हा दाबले. तरीही नाही. आठवड्याचा बाजार चार दिवसांवर होता आणि दादांना जायचे होते त्याच रात्री. माझे डोळे भरून आले.

ओसरीवर आजोबा बसले होते. त्यांनी उभा जन्म विहिरींवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करण्यात घालविला होता. मोतीबिंदूमुळे त्यांना आता नीट दिसत नसे. परंतु माझी चुळबुळ त्यांच्या कानांनी टिपली.

"काय झाले, पोरी?" त्यांनी विचारले.

"आजोबा, विजेरी बिघडली. नवे सेल घातले, तरी लागत नाही. आता दिवाच गेला असेल."

"असेल, असेल करू नकोस. मघाशी सेल गेले असतील म्हणालीस, त्यात तीस रुपये गेले. आता दिवा गेला असेल म्हणतेस. बस इथे. हात तुझे आणि प्रश्न माझे. दोष कोठे आहे, हे एकदम विचारायचे नाही. दोष कोठे नाही, ते एकेक करून विचारायचे. आधी सांग, विजेरीत वीज कोठून निघते आणि कोठे जाते?"

मी नळीकडे पाहत राहिले. मला सांगता येईना. तेव्हा आजोबांनी जमिनीवर बोटाने एक गोल काढला आणि मला समजावून सांगितले.

विजेरीतील प्रत्येक कोरड्या सेलला दोन टोके असतात. एक उंचवट्याचे, ते धन. दुसरे सपाट, ते ऋण. अशा एका सेलचा दाब सुमारे १.५ व्होल्ट असतो. आमच्या विजेरीत तीन सेल एकापुढे एक जोडल्याप्रमाणे होते. म्हणून तिघांचा मिळून ४.५ व्होल्ट दाब होत होता. धन टोकाकडून निघालेला विद्युत्प्रवाह दिव्यांतून जातो, दिव्यांच्या कडेने नळीच्या धातूत उतरतो, नळीतून मागच्या झाकणात येतो, तेथून खटक्यातून आणि स्प्रिंगमधून सेलच्या ऋण टोकाला परत मिळतो. निघाला तेथेच तो परत आला पाहिजे. या वर्तुळात कोठेही केसाएवढी फट पडली, तरी सगळा प्रवाह थांबतो. मग सेल कितीही नवे असोत आणि दिवा कितीही उत्तम असो.

"आणि खटका म्हणजे काय?" आजोबांनी विचारले.

"दिवा लावायचे बटण."

"ते झाले त्याचे काम. खटका म्हणजे या वाटेत मुद्दाम ठेवलेली फट. आपण म्हणू तेव्हा ती मिटते, आपण म्हणू तेव्हा ती उघडते. पाटाला जसे दार, तसा विजेला खटका. आता मला सांग, काल रात्री दादाने विजेरी आपटली तेव्हा काय झाले?"

"क्षणभर लागली आणि विझली."

"मग दिवा जळालेला असता, तर आपटल्याने लागला असता का?"

मी म्हणाले, "नाही."

"सेल पार संपलेले असते, तर?"

"तरीही नाही."

"म्हणजे दिव्यात दम आहे आणि सेलांतही होता. वाट मात्र कोठेतरी तुटते आहे आणि धक्का बसला की जुळते आहे. आता ती जागा शोधू. सेल उलटे तर घातले नाहीस ना?"

मी पाहिले. सेलांच्या चौकटीवर अधिक आणि उणे अशी चिन्हे होती आणि प्रत्येक सेल त्यांप्रमाणेच बसलेला होता. चौकटीचे धन टोक पुढे, दिव्यांकडे होते. सेलांतून पांढरट बुकणी किंवा ओल बाहेर आली आहे का, हेही आजोबांनी विचारले. तशी काही ती आली नव्हती.

"ठीक. आता मागचे झाकण फिरवून काढ. खटका त्या झाकणातच आहे. म्हणजे खटका बाजूला झाला. आता त्याच्या जागी आपण तार धरू. तारेचे एक टोक सेलांच्या ऋण टोकावर आणि दुसरे नळीच्या कडेवर टेकव. कडेचा चकाकता धातू पाहून टेकव हो. बाहेरच्या काळ्या थरातून वीज जात नाही. दिवा लागला, तर दोष झाकणात. न लागला, तर दोष पुढच्या भागात. एका परीक्षेने अर्धी विजेरी निर्दोष सुटते."

आजोबांच्या जुन्या पेटीतून मी तांब्याच्या तारेचा एक तुकडा काढला. दोन्ही टोके जपून टेकविली. दिवा लागला नाही.

"पाहा!" मी रडवेल्या सुरात म्हणाले, "दिवाच गेला आहे."

आजोबा स्वस्थ होते. ते म्हणाले, "कालचा धक्का सांगतो की दिवा चांगला आहे. आजची तार सांगते की दिवा वाईट आहे. दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलतात. तेव्हा कोणीतरी एक खोटे बोलत असला पाहिजे. आरोपीला शिक्षा देण्याआधी साक्षीदार तपासावा. ती तार कोणत्या पेटीतली?"

"मोटारीच्या तारांच्या."

आजोबा मोठ्याने हसले. "अग, मोटारीत गुंडाळायच्या तारेवर रोगणाचा पातळ थर असतो. तो दिसत नाही, पण विजेला अडवतो. तो नसता, तर वेटोळ्यातली एक तार दुसरीला चिकटून मोटार जळून गेली असती. टोके खरवडून घे."

मी पात्याने दोन्ही टोके खरवडली. तांबूस तपकिरी रंग जाऊन त्याखाली लखलखीत तांबे दिसू लागले. पुन्हा एक टोक सेलांवर आणि दुसरे नळीच्या कडेवर टेकविले. नऊच्या नऊ दिवे एकदम लागले आणि ओसरीची भिंत पांढरीशुभ्र झाली! मंद दृष्टीच्या आजोबांनाही तो उजेड जाणवला. "लागली ना?" ते म्हणाले.

आता सेल निर्दोष, दिवे निर्दोष, नळीही निर्दोष. दोष उरला तो हाताच्या मुठीत मावणाऱ्या झाकणात. मी ते आतून पाहिले. मध्ये स्प्रिंग होती. तिच्याभोवती आट्यांची एक पातळ धातूची कडी होती आणि त्या कडीने खटका जागच्या जागी दाबून धरलेला होता. बोट लावताच कडी हलली. खटक्यातून येणारी वीज याच कडीतून झाकणात जाते. कडीच सैल झाल्यामुळे वाट कधी जुळत होती, कधी तुटत होती.

"कशाने सैल झाली असेल ती?" मी विचारले.

"रोज खिशात हिंदकळून, कधी हातातून पडून. आणि एकदा सैल झाल्यावर दादाने ती आपटली. आपटले की क्षणभर लागते, म्हणून माणसाला वाटते, हाच उपाय. पण दर तडाख्याने कडी आणखी थोडी ढिली होत गेली."

कडीला समोरासमोर दोन बारीक खाचा होत्या. आजोबांच्या सांगण्यावरून मी त्या खाचांत लहान कात्रीची दोन टोके बसविली आणि कडी उजवीकडे फिरवून घट्ट केली; फार जोर केला नाही, कारण आटे मऊ धातूचे होते. झाकणाच्या आणि नळीच्या आट्यांत शेतातील मातीचा थर बसला होता. तो कोरड्या फडक्याने पुसून काढला. स्प्रिंगचे टोक आणि नळीची कड पेन्सिलीच्या रबराने घासून चकचकीत केली. मग झाकण लावून मी बटण दाबले. उजेड पडला. मी आनंदाने उडीच मारणार होते, पण आजोबा म्हणाले, "एकदा लागली, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. वीस वेळा दाब. हलवून पाहा. वाकडी धरून पाहा."

वीसही वेळा विजेरी लागली. शेवटी आजोबांनी जुने सेल घालून पाहावयास सांगितले. आश्चर्य असे, की त्यांवरही ती चांगली लागली! तीस रुपये खरोखरच अकारण खर्च झाले होते. आजोबा म्हणाले, "वाया नाही गेले. नवे सेल दादाच्या खिशात राहू देत."

त्या रात्री अकरा वाजता दादा निघाले. मी आणि आई अंगणात उभ्या होतो. विजेरीचा उजेड गोठ्याजवळून गेला, बांधावर चढला, उसाच्या कडेने पुढे पुढे सरकत राहिला. एकदाही तो विझला नाही. आंब्याच्या झाडापलीकडे तो दिसेनासा झाला, तेव्हा आईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही घरात आलो.

मुलांनो, विजेरी ही वस्तू फार जुनी नाही. इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० साली विद्युत्घटांची पहिली रास केली. पण ती ओली होती, खिशात घालून नेण्याजोगी नव्हती. १८६६ साली फ्रान्समधील लेक्लांशे याने जस्त आणि कार्बन यांचा घट केला, आणि पुढे सुमारे वीस वर्षांनी जर्मनीतील गास्नर याने त्यातील पातळ द्रव घट्ट करून कोरडा सेल तयार केला. अमेरिकेत डेव्हिड मिसेल याला १८९९ साली हातात धरावयाच्या विजेरीचे पेटंट मिळाले. त्या काळचे सेल आणि दिवे इतके दुबळे होते, की विजेरी सतत न जाळता थोडा थोडा वेळच लावावी लागे. आज दिवे बदलले, सेल बदलले. परंतु अखंड वाट आणि त्या वाटेतील खटका ही रचना जशीच्या तशी राहिली आहे. म्हणूनच आजोबांचे प्रश्न कोणत्याही साध्या विजेरीला विचारता येतात. त्यांचा क्रम असा :

१. विजेरी मुळीच लागत नाही, की लागून विझते? हलविल्याने फरक पडतो का? आधी नीट पाहावे.

२. सेल चिन्हांप्रमाणे बसले आहेत का? त्यांतून द्रव किंवा बुकणी बाहेर आली आहे का? आली असेल, तर तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये. मोठ्या माणसाच्या मदतीने ते सेल काढून टाकावेत.

३. खटका बाजूला ठेवून त्याच्या जागी तार धरली, तर दिवा लागतो का? लागला, तर दोष खटक्याकडे आहे.

४. खटक्याकडील कडी, स्प्रिंग, आटे हे सैल किंवा मळलेले आहेत का? प्लॅस्टिकच्या विजेरीत सरकत्या बटणाखाली धातूची पातळ पट्टी असते. ती वाकून दूर झाली आहे, की तिच्यावर गंज चढला आहे?

५. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच परीक्षा घ्यावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला हे कळत नाही.

दोन गोष्टींची सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. तार सेलच्या एका टोकाकडून थेट दुसऱ्या टोकाला कधीही लावू नये. मध्ये दिवा नसेल, तर तार आणि सेल दोन्ही तापतात. पुन्हा पुन्हा भारित करता येणाऱ्या लिथियमच्या सेलांच्या बाबतीत तर आग लागण्याची भीती असते. तेव्हा तसल्या विजेरीवर हा प्रयोग करूच नये. दुसरी गोष्ट अशी, की हे प्रयोग चार-साडेचार व्होल्टांच्या विजेरीपुरतेच आहेत. घरातील विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो आणि तो प्राण घेऊ शकतो. भिंतीवरील बटण बिघडले, तर त्याला हात न लावता जाणत्या कारागिराला बोलवावे.

पुढे आजोबांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना पुन्हा स्वच्छ दिसू लागले. ती ऐंशी रुपयांची विजेरी हातात घेऊन त्यांनी तिची कडी, तिचे आटे निरखून पाहिले. मी म्हणाले, "आजोबा, त्या दिवशी ही विजेरी किती रुसली होती नाही?"

ते म्हणाले, "वस्तू कधी रुसत नाही, पोरी. तिच्यात कोठेतरी वाट तुटलेली असते. धीराने शोधली की ती सापडते."

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) गव्हाला पाणी देणे पुढे ढकलता येत नव्हते, याचे कारण कोणते?
(आ) तांब्याची तार लावूनही पहिल्या वेळी दिवा का लागला नाही?
(इ) विजेरी आपटल्याने दोष कमी न होता का वाढला?

२. "आरोपीला शिक्षा देण्याआधी साक्षीदार तपासावा." या वाक्यातील आरोपी कोण व साक्षीदार कोण, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. आजोबांनी खटक्याला पाटाच्या दाराची उपमा दिली आहे. ती कशी जुळते, हे पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. पुढील शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
मुकाट्याने, उतावळेपणा, खेटून, अकारण, निरखून पाहणे.

५. घरातील साधी विजेरी मोठ्या माणसांसमक्ष उघडा. विद्युत्प्रवाह कोणत्या वाटेने जातो, ते बाणांनी दाखविणारी आकृती काढा.